‘साहेबांना पाठवा’

‘‘मॅडम, तुम्ही असं करा ना, साहेबांना पाठवा. त्यांना समजावून सांगतो.’’

हे वाक्य मी जुलै २०२४ मध्ये गाड्यांच्या एका शोरूमच्या काउंटरवर उभी राहून ऐकलं. समोरचा मुलगा पंचवीस-सव्वीसचा असेल, पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलायला अगदी गोड. त्याला बहुतेक वाटलं असणार, आपण बाईंची सोय करतोय. मी सत्तावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवते. लंबक आणि घर्षण मुलांना समजावून सांगताना मला कुणी ‘सरांना पाठवा’ म्हटल्याचं आठवत नाही. पण गाडीच्या दुकानात पाऊल टाकलं की आपली सगळी वर्षं कुठं जातात कोण जाणे.

झालं होतं असं. ऑगस्ट २०२२ मध्ये आम्ही एक छोटी पेट्रोल गाडी घेतली. किंमत रस्त्यावर येईपर्यंत सात लाख ऐंशी हजार. घेतली ती माझ्यासाठीच. शाळा गावापासून बावीस किलोमीटरवर, मधे एक घाट, एसटी दिवसातून तीन. सेहेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले म्हणून लोक हसले होते, ते वेगळं सांगायला नको. कर्जाचा हप्ता माझ्या पगारातून जातो. गाडी मात्र आमच्या ह्यांच्या नावावर. का, तर शोरूममध्ये त्यांनीच सगळ्या कागदांवर सह्या केल्या आणि मी शेजारी पेढ्यांचा बॉक्स धरून उभी होते. ‘नाव कुणाचं का असेना, घरातच आहे ना!’ असं मीच म्हटलं होतं. हे पुढं आठवावं लागलं.

सहा महिन्यांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, गाडी घाटात आचके द्यायला लागली. तिसऱ्या मोफत सर्व्हिसिंगच्या वेळी मी सांगितलं. तो म्हणाला, बघतो. संध्याकाळी गाडी धुऊन पुसून दिली, आचके तसेच. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं. पुन्हा ‘बघितलं मॅडम, काही प्रॉब्लेम नाही. तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता का?’ आता हा प्रश्न मला टोचला, कारण सुरुवातीला मी खरंच ठेवायचे. त्यामुळे मी गप्प बसले. आपल्याला चूक आपलीच वाटते आणि समोरच्याला तेच हवं असतं.

३ जुलैला शाळेतून येताना घाटाच्या मध्यावर गाडी बंदच पडली. पाऊस, मागं दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवतोय, वीस मिनिटं मी आत बसून. मग सुरू झाली. वळण ओलांडलं, पुन्हा बंद. शेवटी गावातून ओढायला क्रेन बोलावली, अडीच हजार रुपये. (गाडी बंद पडली तर कंपनीची माणसं फुकट येतात, त्याचा नंबर पुढच्या काचेवर स्टिकरवर छापलेला होता, हे मला नंतर कळलं. दोन वर्षं मी त्या स्टिकरकडे बघत गाडी चालवत होते.)

शोरूम जिल्ह्याच्या गावी. दोन दिवसांनी फोन आला. टाकीतला पेट्रोलचा पंप गेलाय. पेट्रोलमध्ये पाणी होतं. वॉरंटीत बसत नाही. पंप, टाकी साफ करणं, मजुरी धरून चौदा हजार आठशे साठ. आणि तपासणीचे आठशे पंच्याऐंशी वेगळे, ते आत्ताच भरा. मी भरले. शहाणपण सुचतं ते पैसे देऊन झाल्यावर.

पाणी असू शकत नाही का? असू शकतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण भांडायचं तर समोरच्याचं म्हणणं आधी नीट समजून घ्यायला हवं. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. आपल्याच भागातल्या उसातून ते बरंचसं येतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलं, तर ते इथेनॉलबरोबर तळाशी वेगळा थर करून बसतं आणि तेच नेमकं आपल्या गाडीत येऊ शकतं. म्हणजे त्या मुलानं काही अशक्य गोष्ट सांगितली नव्हती. प्रश्न एवढाच होता की, माझ्या टाकीत ते होतं का?

मी विचारलं, ‘‘पाणी दाखवता का?’’

तो म्हणाला, ‘‘मॅडम, ते मेकॅनिकनं बघितलं.’’

‘‘नमुना काढून ठेवलाय?’’

‘‘असं काही आम्ही ठेवत नाही.’’

‘‘मग लिहून द्या, पाणी सापडलं म्हणून.’’

आणि तेव्हा आलं ते साहेबांना पाठवायचं वाक्य.

घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी समजूत घातली. ‘‘अगं, जाऊ दे. चौदा हजारांसाठी कुठं शोरूमशी वैर घेतेस? उद्या पुन्हा तिथंच गाडी न्यायचीय.’’ आमचे हेही म्हणाले, ‘‘मी येतो रविवारी, बोलतो मॅनेजरशी.’’ प्रेमानं म्हणाले. पण मला आतून वाटलं की, ह्यांनी जाऊन काम केलं तर पुढच्या वेळी मी त्या काउंटरवर उभीच राहू शकणार नाही. चौदा हजारांपेक्षा हे जास्त महाग होतं.

माझा एक जुना विद्यार्थी दुसऱ्या गावात गॅरेज चालवतो. आधी दोन वर्षं अशाच एका शोरूममध्ये होता. त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘‘बाई, आधी जॉब कार्ड काढा. तिन्ही वेळचे.’’

मैत्रिणींनो, हे जॉब कार्ड म्हणजे आपली जन्मपत्रिका समजा. गाडी वर्कशॉपमध्ये घेताना ते आपली तक्रार टॅबवर लिहून घेतात आणि आपण खाली सही करतो, न वाचता. मी जुने कागद काढले. फेब्रुवारी २०२३ च्या कार्डावर होतं, ‘जनरल चेकअप’. बस्स. मी घाट, आचके, सगळं हातवारे करून सांगितलं होतं. कागदावर त्यातलं एक अक्षर नाही. जानेवारी २०२४ च्या कार्डावर ‘पिकअप कमी’ एवढं तरी होतं. त्या दोन शब्दांनी मला पुढं वाचवलं, कारण तक्रार आधीपासूनची आहे याचा तेवढाच लेखी पुरावा माझ्याकडे होता. वॉरंटी दोन वर्षं किंवा चाळीस हजार किलोमीटर, यातलं जे आधी संपेल ते. माझी गाडी सत्तावीस हजार चाललेली. मुदत १६ ऑगस्टला संपत होती. हातात सहा आठवडे. आणि शोरूमचा सूर होता, ‘पार्टच नाहीये, पुढच्या महिन्यात बघू.’

त्या विद्यार्थ्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला नवीन होती. वॉरंटीत काम केलं की शोरूमला मजुरी कंपनीकडून मिळते, तीही कमी दरानं आणि उशिरा. कधी कंपनी क्लेम नाकारतेही, मग भुर्दंड शोरूमवर. गिऱ्हाइकाकडून घेतले तर पैसे रोख आणि पूर्ण. म्हणून काउंटरवरचा मुलगा आधी ‘बसत नाही’ म्हणून बघतो. नव्वद माणसं मान हलवून पैसे भरतात. तो मुलगा दुष्ट नसतो, त्याला महिन्याचं टार्गेट असतं. हे ऐकून माझा राग थोडा निवळला, हट्ट मात्र वाढला.

गाडी शोरूममध्येच होती. शनिवारी अर्धी शाळा करून मी गेले आणि सांगितलं, माझ्यासमोर टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढा. बरीच कुरकुर झाली. शेवटी काढलं. तिथंच फोरमनच्या टेबलावर तास-दीड तास बरणी ठेवली. पाणी असतं तर तळाशी थर दिसला असता. नव्हता. मोबाइलवर फोटो घेतले, बरणीशेजारी जॉब कार्ड ठेवून. फोरमन म्हातारा माणूस होता, काही बोलला नाही, पण मला स्टूल आणून दिलं.

दुसरं काम पेट्रोल पंपाचं. मी गेलं वर्षभर एकाच पंपावर पेट्रोल भरते आणि पैसे मोबाइलवरून देते. त्यामुळे प्रत्येक वेळची तारीख, रक्कम, पंपाचं नाव बँकेच्या नोंदीत होतं. रोख देणाऱ्या बायकांनी पावती मागून घ्यावी, एवढंच सांगते. पंपवाल्याकडे रोजच्या घनतेची वही असते, ती आपण मागून बघू शकतो. फिल्टर पेपरवर थेंब टाकून बघण्याचाही आपला हक्क आहे, आणि माप कमी वाटलं तर पाच लिटरच्या मापातून तपासून घेण्याचाही. मी वही मागितली तेव्हा पंपावरची चार माणसं माझ्याकडे बघायला लागली. मालकानं मात्र दाखवली. त्या आठवड्यात पाण्याची दुसऱ्या कुणाची तक्रार नव्हती, हेही सांगितलं.

मग मी पत्र लिहिलं. १२ जुलै. एक शोरूमच्या मॅनेजरला, रजिस्टर पोस्टानं, पोच घेऊन. तेच कंपनीच्या ग्राहक विभागाला ई-मेलनं. पत्र मराठीत, एक पान. त्यात राग नव्हता, विशेषणं नव्हती. गाडीचा नंबर, कधी घेतली, किती चालली, कुठल्या तारखेला काय तक्रार केली, त्यांनी काय उत्तर दिलं. आणि शेवटी तीन गोष्टी मागितल्या: पाणी असल्याचा लेखी अहवाल द्या, तो नसेल तर पंप वॉरंटीत बदला, आणि ही तक्रार वॉरंटीच्या मुदतीत नोंदवलेली आहे हे लेखी कबूल करा. ही शेवटची ओळ विद्यार्थ्यानं सुचवली. मुदत संपेपर्यंत झुलवत ठेवायचं, ही जुनी युक्ती असते म्हणे.

आठवडाभर उत्तर नाही. मग १९१५ वर फोन केला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, नोंदणी क्रमांक दिला. हे कोर्ट नाही, हे लक्षात ठेवा. तिथून हुकूम निघत नाही. ते तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि उत्तर मागतात. पण शोरूमला न जुमानणाऱ्या बाईची तक्रार दिल्लीहून कंपनीच्या मुख्य ऑफिसात गेली की मधल्या माणसांना घाम फुटतो, एवढं खरं.

मधल्या काळात ग्राहक आयोगाचीही चौकशी करून ठेवली. आमच्या तालुक्यातल्या एका वकील भगिनीनं समजावलं, आणि मला धक्का बसला की ही माहिती मला आजवर कुणीच दिली नव्हती. पूर्वीचा १९८६ चा कायदा गेला, आता २०१९ चा आहे, तो जुलै २०२० पासून लागू झाला. जिल्हा आयोगात पन्नास लाखांपर्यंत दिलेल्या किमतीच्या वस्तूची तक्रार करता येते. फी वस्तूच्या किमतीवर: पाच लाखांपर्यंत काहीच नाही, पाच ते दहा लाखांसाठी दोनशे रुपये. म्हणजे माझी दोनशे. वकील लावलाच पाहिजे असं नाही. पूर्वी शोरूम किंवा कंपनी जिथं असेल तिथं जावं लागायचं. आता आपण जिथं राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. ऑनलाइनही दाखल करता येते.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती वेगळीच गोष्ट. मी विचारलं, ‘‘गाडी ह्यांच्या नावावर आहे, मग मी तक्रार कशी करणार?’’ ती म्हणाली, ‘‘ताई, कायद्यात ‘ग्राहक’ म्हणजे फक्त विकत घेणारा नव्हे. त्याच्या संमतीनं ती वस्तू वापरणारासुद्धा ग्राहकच.’’ हे तर १९८६ च्या कायद्यातही होतं. म्हणजे नवऱ्याच्या नावावरची गाडी चालवणारी बायको, मुलाच्या नावावरच्या फ्रिजवर घर चालवणारी आई, सासऱ्यांच्या नावावरच्या मिक्सरवर चटणी वाटणारी सून, या सगळ्या कायद्यानं ग्राहक आहेत. ‘बिल कुणाच्या नावावर आहे?’ म्हणून काउंटरवर गप्प करणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. किंवा असतं.

बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिथं शेजारपाजारची कुटुंबं संघ करून महिन्याचं वाणसामान एकत्र घ्यायची. माझी मावशी गिरगावात अशा एका संघात होती. तूरडाळीत खडे निघाले तर ती पिशवी परत पाठवायची आणि मोजून दुसरी घ्यायची. डाळीच्या बाबतीत आपल्या कुणालाच ‘साहेबांना पाठवा’ म्हणायची छाती होत नाही, कारण डाळ आपल्याला कळते असं सगळ्यांनी मान्य केलंय. यंत्र आलं की हा मान्य केलेला प्रदेश संपतो. पण मला पंप कुठं कळत होता? मला कळत होता तो पुरावा. तो विषय आपला रोजचा आहे. ‘दूध फाटलं’ असं दूधवाल्याला सांगताना आपण पातेलं दाखवतोच की.

एक कबुली देते, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाईंची गाडी गणपतीच्या सुट्टीत दहा दिवस दारात उभी होती. उंदरानं बॉनेटखाली वायरी कुरतडल्या. शोरूमनं वॉरंटीत करायला नकार दिला. माझं बघून त्याही भांडायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, यात ते बरोबर आहेत. वॉरंटी ही कंपनीच्या साहित्यातल्या आणि बनावटीतल्या दोषाची असते. उंदीर कंपनीनं बनवलेला नाही. तसंच ब्रेकचे पॅड, क्लच प्लेट, वायपरची रबरं झिजतात, ती सहसा त्यात नसतात. गाडीबरोबर येणारं ते जाड पुस्तक एकदा, निदान वॉरंटीची चार पानं, दुपारी चहा घेत वाचून काढावीत. आणि गाडी घेतानाच दहा-वीस हजारांची वाढीव वॉरंटी गळ्यात मारतात, तिच्यात काय बसत नाही त्याची यादी काय बसतं त्याच्या यादीहून लांब असते. ती घेऊ नका असं नाही, वाचून घ्या.

तर, कंपनीचं उत्तर २५ जुलैला आलं. आमचा इंजिनीअर येऊन बघेल. ३० तारखेला तो आला. मी रजा टाकून हजर. त्यानं पाइपला दाब मोजायचं मीटर लावलं, गाडी सुरू करून ठेवली. पहिली पंधरा मिनिटं काटा स्थिर. इंजिन आणि पंप तापल्यावर काटा हळूहळू खाली यायला लागला, आणि गाडी माझ्यासमोर घाटासारखीच धापा टाकत बंद पडली. थंड झाल्यावर पुन्हा सुरू. त्यानं पंप बाहेर काढला, जाळी पाहिली, स्वच्छ. गंज नाही, पाण्याचा मागमूस नाही. म्हणाला, ‘‘पंपाचीच मोटर कमजोर आहे.’’ एवढा तपास आधी कुणी केलाच नव्हता. आठशे पंच्याऐंशी रुपये मी कशाचे भरले होते, हा प्रश्न मी तिथंच विचारला. मॅनेजर म्हणाले, ‘‘मॅडम, त्याचं आम्ही बघतो.’’

८ ऑगस्टला पंप बदलून मिळाला. वॉरंटीत. मुदत संपायला आठ दिवस होते. क्रेनचे अडीच हजार मिळाले नाहीत; मोफत सेवा असताना मीच बाहेरची क्रेन बोलावली होती, त्यामुळे तो हट्ट मी सोडला. आठशे पंच्याऐंशीच्या बदल्यात त्यांनी मला दोन वेळा गाडी मोफत धुण्याचं कूपन देऊ केलं. मी म्हटलं, गाडी मी दारात बादलीनं धुते, पैसे द्या. दोन पत्रं आणि दोन महिने लागले, पण ते खात्यात जमा झाले. काकू म्हणाल्या, ‘‘आठशे रुपयांसाठी पोस्टात तू किती घातलेस?’’ साठ-सत्तर घातले असतील.

सगळ्यांना हे जमेल असं मी म्हणणार नाही. मला शनिवारची अर्धी शाळा होती, रजा होती, पत्र लिहायची सवय होती, आणि गॅरेजवाला विद्यार्थी होता. शेतावर जाणाऱ्या, दुकान सांभाळणाऱ्या बाईला तीन फेऱ्या मारणं परवडत नाही आणि शोरूमवाल्यांचा हिशेब नेमका त्यावरच बसतो. आयोगात गेलं तरी कायदा तीन महिने म्हणतो, वस्तूची तपासणी लागली तर पाच. तारखा मात्र त्याहून पुष्कळ पडतात. म्हणून माझा सगळा जोर त्या पहिल्या कागदावर आहे. गाडी असो, वॉशिंग मशीन असो, आटा चक्की असो, तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यायला लावा आणि सहीआधी वाचा. त्याला दोन मिनिटं लागतात आणि त्या दोन मिनिटांसाठी कुणाला रजा टाकावी लागत नाही. इंग्रजीत असेल तर ‘मराठीत वाचून दाखवा’ म्हणा. मागं रांग असली तरी म्हणा. आणि पैसे घेऊन पार्ट बदलला असेल तर जुना पार्ट मागून घ्या, तो आपला असतो. वॉरंटीतला तेवढा कंपनीकडे परत जातो.

आता सर्व्हिसिंगला गेले की तो मुलगा टॅब माझ्याकडे वळवून धरतो. ‘‘मॅडम, वाचून घ्या, काही राहिलंय का?’’ मी चष्मा काढून, लावून, सावकाश वाचते. मागच्या वेळी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंपनीचा फोन आला. नोंदीत मोबाइल नंबर अजून ह्यांचाच आहे. मी स्वयंपाकघरात होते, ऐकू आलं, ‘‘सर, आपल्या गाडीची सर्व्हिस कशी झाली?’’

हे म्हणाले, ‘‘थांबा हं, गाडीवाल्या बाईंना देतो.’’